लिनक्सच्या गाभ्यातील अतिरिक्त संकेतावली वगळली

कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नल, स्वतःच्या कामासाठी मेमरीचे लहान लहान तुकडे सतत घेत आणि परत करीत असतो. लिनक्समध्ये हे वाटप करण्यासाठी स्लॅब, स्लॉब आणि स्लब अशा तीन व्यवस्था अनेक वर्षे होत्या. नावांचा घोळ तो निराळाच! कर्नल तयार करताना त्यांपैकी एकच निवडली जाई. अनेक सुधारणा मात्र तिन्हींत कराव्या लागत. २००७ मध्ये आलेली स्लब पुढे सर्वत्र रूढ झाली, तरी जुन्या व्यवस्था हटण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ गेला. अत्यल्प मेमरीच्या उपकरणांना स्लॉबचाच आधार होता, ही खरी अडचण होती. त्यांच्यासाठी आधी स्लबचेच आटोपशीर रूप सिद्ध करण्यात आले. त्यानंतर २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीतून स्लॉब आणि मार्च २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून स्लॅब वगळण्यात आली.