चौकशीला हवालदार येतो तेव्हा

फाइल उघडली की सगळ्यात वर पाकिस्तानचा हिरवा पासपोर्ट. त्याखाली व्हिसाच्या पानाची झेरॉक्स, निवासाचा परवाना, फोटो, वीजबिल, जामीनदाराने स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेला बॉण्ड आणि नोटरीचा शिक्का असलेलं प्रतिज्ञापत्र. तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला, सिंधमधल्या शाळेचा दाखला. जबलपूरच्या काही सिंधी घरांत ही फाइल दागिन्यांच्या डब्याशेजारी कुलपात असते.

मी अशा फायली लावून देतो. शेजारच्या सिंधी कुटुंबाचे नातलग सिंधमधल्या घोटकीहून आले, ऑनलाइन अर्ज भरायला कोणीतरी हवं होतं, आणि मग एका घरातून दुसऱ्या घरात माझं नाव गेलं. हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. माणसाच्या आयुष्याची पुढली पाच-दहा वर्षं या कागदांवर ठरतात.

फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांची उल्हासनगर, पिंपरी, नागपूरचं जरीपटका ही ठिकाणं मराठी वाचकाला ठाऊक आहेत. जबलपूरलाही ते तेव्हाच आले. मात्र येणं तिथे थांबलं नाही. मागे राहिलेल्यांची मुलं-नातवंडं आजही घोटकी, सक्कर, जेकबाबादहून भेटीच्या व्हिसावर येतात आणि मग दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एलटीव्ही’साठी, अर्ज करतात. पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांना तो मिळू शकतो, तसाच भारतीयांशी लग्न करून इथे नांदणाऱ्या पाकिस्तानी बायकांनाही. म्हणून सिंधी दुकानदाराच्या शेजारी कराचीहून सून म्हणून आलेली एखादी मुस्लिम बाईसुद्धा माझ्यासमोर फाइल घेऊन बसते.

पहिलं काम नावं जुळवण्याचं. इथल्या चुलत्याचं आडनाव ‘आनी’ने संपतं, पुतण्याच्या पासपोर्टवर आडनावच नसतं, फक्त स्वतःचं नाव आणि पुढे ‘कुमार’. बाईच्या नावाआधी कुठे ‘मुसम्मात’ लागलेलं, कुठे गळलेलं. वडिलांचं नाव पासपोर्टवर एका स्पेलिंगचं, पाकिस्तानच्या तेरा आकडी शनाख्ती कार्डाच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, इंग्रजी भाषांतरात दुसऱ्या. शाळेचा दाखला तर अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. तिची बावन्न अक्षरं वाचणारे इथे आता म्हातारेच उरलेत. नव्या पिढीतली जी थोडी मुलं सिंधी शिकली ती देवनागरीत. मग मी ओळखीतल्या एका आजींकडे जातो. त्या चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून दाखला वाचतात, जन्मतारीख दोनदा म्हणतात. मी लिहून घेतो, भाषांतर नोटरीकडे जातं.

दुसरं काम पत्त्याचं, आणि इथे जबलपूर आपला हिसका दाखवतं. हे छावणीचं आणि शस्त्रास्त्र कारखान्यांचं शहर आहे. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, सदरच्या आजूबाजूला पसरलेला कँटोन्मेंट. अल्पसंख्याक एलटीव्हीधारकाला राहण्यापुरतं घर घेता येतं, पण निर्बंध असलेल्या भागात आणि छावणीच्या हद्दीत नाही. म्हणून घर बघायला निघालेल्या कुटुंबाला मी आधी घरपट्टीची पावती मागायला सांगतो. ती नगर निगमची आहे की कँटोन्मेंट बोर्डाची, एवढ्यावर व्यवहार पुढे जातो किंवा तिथेच थांबतो.

अर्ज ऑनलाइन गेला तरी त्याचा तपास पायी चालतो. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारे अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक. त्यांच्या कार्यालयातून कागद ठाण्यावर उतरतो आणि एका सकाळी हवालदाराची मोटरसायकल गल्लीत शिरते.

चांगला हवालदार कसं काम करतो हे मी बाजूला बसून पाहिलं आहे. आत येण्याआधी तो दारावरचा घरक्रमांक आणि मीटरचा नंबर वीजबिलाशी ताडून बघतो. मग फोटो आणि चेहरे. सीमेवरून कधी आलात, सोबत कोण होतं, मागे कोण राहिलं, फोन कोणाकोणाला होतो, घर कशावर चालतं? हेच प्रश्न तो घरातल्या बाईला वेगळे विचारतो. मुलगा शाळेत जातो म्हटल्यावर फीची पावती मागतो. नंतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन उधारीची वही चाळतो: या घराचं खातं किती जुनं आहे? शेवटी दोन शेजाऱ्यांची ‘कथनं’ लिहून घेतो, त्यांच्या आधारच्या प्रती जोडतो. तासाभराच्या कामाचा अहवाल होतो चार ओळींचा, पण त्या ओळींना आधार असतो.

घाईत आलेला हवालदार दारातूनच कागद तपासतो, स्पेलिंगमधल्या फरकावर बोट ठेवतो आणि निघून जातो. त्या फरकापायी फाइल परत येते. मुदत तोंडावर आलेली असते, आणि घरातला कमावता माणूस दुकान बंद ठेवून खेपा घालू लागतो.

इतका भार हवालदाराच्या चार ओळींवर का पडतो? ‘हा भारताचा नागरिक’ असं सांगणारं एकच कार्ड आपल्याकडे नाही. २००३ च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम १४-अ आलं. प्रत्येक नागरिकाची नोंद करून राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद त्यात आहे. निवडक भागांत प्रयोग झाले, देशभर कार्ड आलं नाही. आलं ते आधार, आणि २०१६ च्या आधार कायद्यातच लिहिलं आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. एलटीव्हीधारकालाही आधार, पॅन आणि वाहन परवाना मिळतो. ही कार्डं खिशात असली तरी माणूस परदेशीच असतो आणि आपण कोण हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच राहते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात हे होतं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे.

या परदेशीपणाचा अर्थ रोजच्या जगण्यात असा: २०१६ मध्ये मिळालेल्या सवलतींनी अल्पसंख्याक एलटीव्हीधारकाला राज्याच्या आत मोकळं फिरता येतं. जबलपूरहून इंदूरला जा, भोपाळला जा. पण बहिणीचं लग्न जरीपटक्याला असेल तर वाटेत राज्याची हद्द येते आणि परवानगीचा अर्ज करावा लागतो.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्राने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसा २९ पर्यंत चालले. दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळले होते. तरीही त्या दिवसांत माझा फोन थांबत नव्हता. ज्यांचा नूतनीकरणाचा अर्ज गेलाय पण उत्तर आलं नाही, त्यांचं काय? प्रत्येकाला मी एकच सांगत होतो: अर्जाची पोचपावती छापून फाइलीत सगळ्यात वर ठेवा, आणि पोलीस दारात आले तर फाइल हातात द्या, वाद घालू नका. माणसं मारली गेली होती, पोलिसांनी तपासणं रास्त होतं. दारामागे बसलेल्यांची भीतीही तितकीच खरी होती.

या सगळ्याचा शेवट नागरिकत्वात व्हावा ही प्रत्येकाची आस. स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कोणी अखंड भारतात जन्मलेलं असेल, किंवा भारतीयाशी लग्न झालं असेल, तर सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. फक्त आजोबा अखंड भारतातले असतील तर हा मार्ग बंद. २०१६ मध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार दिला. त्यात नागपूर होतं, मध्य प्रदेशातून भोपाळ आणि इंदूर होती, जबलपूर नव्हतं. ११ मार्च २०२४ ला नागरिकत्व सुधारणा कायद्याचे, म्हणजे सीएएचे, नियम आले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा बिगर-मुस्लिम समुदायांच्या लोकांसाठी डाक विभागाच्या अधीक्षकाच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती बसू लागली, आणि मुदत संपलेले कागदही पुरावा म्हणून धरले जाऊ लागले. ही सवलत मोठी आहे. पण त्या तारखेनंतर आलेला दुकानदार आणि कराचीहून आलेली ती सून तिच्या बाहेरच आहेत, आणि त्यांची फाइल जुन्याच वाटेने चालते.

देशाने दारात आलेल्याची चौकशी करावी, कसून करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी दोन गोष्टी मागतो. चौकशीत हरकत निघाली तर ती लेखी कळावी आणि खुलासा करायला ठरावीक दिवस मिळावेत. आणि शेजाऱ्याला, दुकानदाराला, शाळेला विचारल्याशिवाय कुठलाही अहवाल पुरा समजला जाऊ नये. तोवर मी प्रत्येक फाइलीला एक पान स्वतःहून जोडतो: नाव कुठे कसं लिहिलं आहे, फरक कशामुळे पडला, आणि त्याचा पुरावा फाइलीच्या कितव्या पानावर आहे. घाईतल्या हवालदारालाही एवढं एक पान वाचता येतं.