कागद आणि कूळ – लेखांक ७ : आईबापाचा देश, लेकराचा देश

गेल्या लेखांकात आपण भारतात जन्मलेल्यांचा हिशेब मांडला. १ जुलै १९८७ आणि ३ डिसेंबर २००४ या दोन तारखांनी त्यांचे तीन गट कसे पाडले, ते पाहिलं. लेख वाचून जालन्यातले एक ओळखीचे अण्णा घरी आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नातवाचे कागद. अमेरिकेचा निळा पासपोर्ट, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड, न्यू जर्सीचा जन्मदाखला आणि दहावीची गुणपत्रिका.

"चौथ्या वर्षापासून पोरगं माझ्या घरात आहे," अण्णा म्हणाले. "ज्वारीची भाकर खातं, पोळ्याला बैल सजवतं. बाप ग्रीन कार्डावर, पण पासपोर्ट अजून भारताचाच. मग हा भारतीय कसा नाही?"

योगायोग असा, की अण्णांच्याच गल्लीत त्याच वयाचा दुसरा एक मुलगा आहे. जन्म जेद्दाचा. अरबीत छापलेला, हिजरी तारखेचा जन्मदाखला त्याच्या वडिलांनी मला कधीतरी भाषांतरासाठी दाखवला होता. तो मुलगा मात्र जन्मापासून भारतीय आहे. दोघांचेही आईबाप भारतीय, दोघेही परदेशात जन्मले, आणि कायदाही एकच: नागरिकत्व अधिनियम १९५५, कलम ४. याला वंशानुसार नागरिकत्व म्हणतात.

फरक कुठे पडला? सौदी अरेबियात जन्मलं म्हणून कुणी सौदी नागरिक होत नाही. बाळाला तिथे दुसरा कुठला पासपोर्ट मिळण्याची सोयच नव्हती. त्यामुळे बापाने निमूटपणे भारतीय वकिलातीत जाऊन जन्माची नोंद केली आणि भारतीय पासपोर्ट काढला. अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या मातीवर जन्मलेलं मूल तिथलं नागरिक होतं. अण्णांच्या मुलाने बाळाचा अमेरिकी पासपोर्ट काढला आणि विषय संपला असं समजला.

३ डिसेंबर २००४ पासून नियम असा आहे: परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असले तरी जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद झाली पाहिजे. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि नोंदीच्या वेळी आईबापांनी लेखी द्यायचं असतं, की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. अण्णांच्या नातवाची गाडी इथेच अडकली. तो निळा पासपोर्ट आधी निघाला होता.

जालन्याच्या वाचकाला वंशावळ म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०२३ साली अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीकडे गेलं, तेव्हा गावोगाव लोक कोतवाल बुक आणि जुनी दप्तरं उलगडून बसले होते. त्या काळात घराघरांत एक गोष्ट कळली: नोंद लागते ती बापाकडची, आईकडची चालत नाही. 'सगेसोयरे' या शब्दावरून रण पेटलं ते त्यामुळेच.

नागरिकत्वाचा कायदाही बरीच वर्षं असाच चालला. गंमत बघा. राज्यघटनेच्या कलम ५ मध्ये 'आईवडिलांपैकी कोणीही' भारतात जन्मलेलं असलं तरी चालेल, अशी तरतूद होती. पाचच वर्षांनी, १९५५ चा कायदा करताना, परदेशात जन्मलेल्या मुलासाठी फक्त बाप भारतीय असण्याची अट घातली गेली. ही अट १० डिसेंबर १९९२ पर्यंत टिकली. म्हणजे इंग्रजाशी लग्न केलेली एखादी मराठी बाई १९९० साली लंडनला बाळंत झाली असती, तर तिचं मूल जन्माने भारतीय धरलं गेलं नसतं. तीच बाई १९९३ साली बाळंत झाली असती, तर धरलं गेलं असतं. घटनेने दिलेलं कायद्याने काढून घेतलं आणि ते परत द्यायला सदतीस वर्षं लागली. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात लाजिरवाणी बाजू हीच.

गोव्यात याच धाग्याचं दुसरं टोक दिसतं. मुक्तीपूर्वी, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालचा कायदा आपलं मानायला तयार असतो. आजोबांचा जन्मदाखला लिस्बनच्या निबंधक कार्यालयात नोंदवून कितीतरी गोवेकर पोर्तुगीज झाले. ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे भारताचं जातं. आपल्याकडचे म्हातारेही 'दुसऱ्या राज्यात' जन्मले होते, निजामाच्या. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते राज्यच उरलं नाही, त्यामुळे आपल्याला असला मोहही नाही.

अण्णांकडे परत येऊ. त्यांचे प्रश्न तीन होते.

पहिला, वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा. जालन्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांपैकी एक म्हणून ते सुरू झालं. नातवाला तिथे जागा मागता येईल का? ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ओसीआय कार्डधारकांना फक्त एनआरआय जागांवर ढकललं. सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ रोजी सांगितलं, की ही अट ४ मार्च २०२१ नंतर कार्ड काढलेल्यांनाच लागू. नातवाचं कार्ड २०१२ चं. अण्णांनी तिथे पहिल्यांदा चहा घेतला.

दुसरा, मोसंबीची बाग. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने घेताही येत नाही. वारसाहक्काने मात्र येते. अण्णा बक्षीसपत्राच्या स्टॅम्पची चौकशी करून बसले होते. तो खर्च वाचला.

तिसरा, भारतीय होता येईल का? सोपी वेळ हुकली, हे मला सांगावं लागलं. नातू अठराच्या आत असताना, बाप भारतीय नागरिक असल्यामुळे, अल्पवयीन मूल म्हणून नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज करता आला असता. आता दुसरी वाट: ओसीआय म्हणून पाच वर्षं आणि अर्जाच्या आधी सलग बारा महिने भारतात वास्तव्य. नातवाची दोन्ही झाली आहेत. अर्ज ऑनलाइन भरायचा, पुढची पडताळणी जिल्हाधिकारी कार्यालयातून, निर्णय केंद्राचा, आणि शेवटी अमेरिकेचं नागरिकत्व सोडायचं. मतदान, निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी या गोष्टी ओसीआय कार्डावर मिळत नाहीत. त्या हव्या असतील तर हा खटाटोप.

जेद्दाच्या मुलासारख्यांसाठीही एक कलम आहे, ते त्याच्या बापाला माहीत नव्हतं. वंशानुसार भारतीय असलेल्या ज्या मुलाकडे दुसऱ्या देशाचंही नागरिकत्व असेल, त्याने अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत ते सोडलं पाहिजे, नाहीतर भारताचं जातं. त्याच्याकडे दुसरं नाहीच, म्हणून तो सुटला. कॅनडात किंवा अमेरिकेत जन्मून वकिलातीत नोंद झालेली मुलं मात्र या सहा महिन्यांत अडकतात.

आणखी एक घोळ इथे वारंवार होतो. परदेशातून कायमचं परत आलेलं कुटुंब मूल भारतात आल्यापासून साठ दिवसांच्या आत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत त्याचा जन्म नोंदवू शकतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम २० मध्ये तशी सोय आहे. लोक तो दाखला हातात आला की निर्धास्त होतात. तो जन्माचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नव्हे.

ज्यांच्या घरात परदेशात जन्मलेलं लेकरू आहे, त्यांनी या रविवारी कपाट उघडून वकिलातीचा नोंदणी दाखला आहे का ते बघावं. नसेल आणि मूल अठराच्या आत असेल, तर वाढदिवसाची वाट पाहू नये.