थोडीच घेतो म्हणजे किती?

इस्लापूरच्या बचत गटांकडून आज जरा अवघड विषय घेऊन आलो आहोत.

हप्ता का थकला असं बैठकीत विचारलं की पुष्कळदा बाई मान खाली घालते. काय झालं ते सगळ्यांनाच कळतं. घरी मात्र सासू म्हणते, "गडी माणूस आहे, घेतो थोडी." मग थोडी कुठं संपते आणि आजार कुठं सुरू होतो, हे ठरवायचं कोणी?

मलेरिया रक्तातून कळतो. दारूचं व्यसन मुख्यतः प्रश्न विचारूनच ओळखावं लागतं. म्हणून दुकानदाराचा काटा तपासतात तसे हे प्रश्नही तपासून घ्यावे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची यादी आहे. किती वेळा पिता, सकाळी उठल्याउठल्या लागते का, रात्रीचं आठवत नाही असं होतं का, घरच्यांनी कमी करा म्हटलं का, असे प्रश्न. एकूण गुण ४०. ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त आले तर व्यसन जडल्याची दाट शंका. ही यादी नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका या ६ देशांत पारखून केली. आपला देश त्यात नव्हता.

पारखतात कसं? समजा, १०० माणसांना हे प्रश्न विचारले. मग त्याच माणसांशी मनोविकारांचे डॉक्टर वेगळं, सविस्तर बोलतात. आधीचे गुण त्यांना सांगायचे नाहीत. नंतर दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. आजारी होते त्यातले किती सापडले? चांगले होते त्यातले किती उगाच अडकले? आपली धान्याची चाळणीच ही. भोकं मोठी असली तर खडेही खाली जातात, बारीक असली तर चांगले दाणेही वर अडकतात. ८ हा आकडा म्हणजे भोकाचं माप.

घोळ भाषेत होतो. यादीत विचारतात, एका वेळी ६ किंवा जास्त पेले घेता का? तिथला एक पेला म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल तर १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये असे ६ पेले बसतात! "एकच क्वार्टर घेतली" म्हणणारा खोटं बोलत नाही, पण त्याचा एक लिहून घेतला तर हिशेब चुकला. मोहाच्या दारूवर तर चिठ्ठीच नसते.

डॉक्टरांची मुलाखतही अचूक असतेच असं नाही. त्यांच्या यादीत ११ लक्षणं असतात, वर्षभरात २ दिसली तरी आजार धरतात. त्यातलं एक म्हणजे ठरवल्यापेक्षा जास्त पिणं. जो कधी काही ठरवतच नाही, तो सरळ "नाही" म्हणून मोकळा होतो. म्हणून उलटून विचारावं लागतं, "कालच्याला कधी थांबायचं होतं?"

ही यादी आपल्या शेजारी गोव्यात चांगली वापरली गेली. तिथल्या १० सरकारी आरोग्य केंद्रांत आलेल्या पुरुषांना हे प्रश्न विचारले. १२ ते १९ गुणांचे ३७७ जण निवडले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत समुपदेशन दिलं, तेही डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी. ३ महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के ८ च्या खाली आले, बाकीच्यांतले २६ टक्के. पुन्हा प्रश्न विचारणाऱ्यांना कोणाला काय मिळालं ते माहीत नव्हतं. समुपदेशकानेच विचारलं असतं तर त्याचं मन राखायला कोणीही कमीच सांगितलं असतं, नाही का?

२० च्या वरच्यांना या समुपदेशनात घेतलं नव्हतं, आणि हे आपल्या कामाचं आहे. सकाळी प्याल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याची दारू घरात कोंडून, शपथ घालून एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्या. जाण्याआधी विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीचा १४४४६ हा नंबर फुकट आहे. फोन बाईनेही केला तरी चालतो. त्याने रोज किती घेतली ते क्वार्टरमध्ये सांगा, पेल्यात नको.