दोन मिलिलिटरची टाकी

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली. २०२३ मध्ये तिथे आठवड्याला पन्नास लाखांच्या आसपास व्हेप फेकल्या जात असल्याचा अंदाज होता, आणि त्यातल्या प्रत्येकीत एक लिथियमची बॅटरी होती. बंदीनंतर बहुतेकांनी सोपा मार्ग धरला. चार्ज करता येणारं यंत्र घ्यायचं, त्यात तयार भरलेली प्लॅस्टिकची कुपी खुपसायची, संपली की दुसरी. कायद्याच्या भाषेत हे ‘पुन्हा वापरायचं’ यंत्र. कुपी कचऱ्यात जाते ती जातेच. थोडे लोक मात्र दहा-बारा वर्षांपूर्वी जोरात असलेल्या काचेच्या टँककडे परतले. हा टँक आपला आपण भरायचा, खोलायचा, धुवायचा, पुसायचा. आळशी माणसाचं ते काम नाही.

आपल्याकडे हा प्रकारच बेकायदा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला, आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात आणि साठवणूक, सगळ्यावर बंदी आली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. (सुटी सिगारेट विकायलाही महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. ती कुठल्या टपरीवर मिळत नाही, ते कोणी शोधून दाखवावं.) तेव्हा हा लेख खरेदीचा सल्ला नाही. परदेशी गेलेल्या आपल्या मुलाबाळांच्या ओट्यावर आता ही वस्तू दिसते, आणि ती चालते कशी हे कळलं तर तिच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असल्याचं लक्षात येतं.

टँकची उंची जेमतेम दोन इंच. तळाला आट्यांचा एक खुंट, जो बॅटरीच्या डब्यात पिळून बसवायचा. त्याला सगळे ‘५१०’ म्हणतात. जॉयटेक या चिनी कंपनीच्या एका जुन्या मॉडेलचा तो नंबर, पण सात मिलिमीटर व्यास आणि अर्ध्या मिलिमीटरचे आटे हे त्याचं माप पुढे सगळ्यांनीच उचललं. खुंटावर फिरती कडी, हवेची फट लहानमोठी करायला. तिच्या वर आत कॉइल, कॉइलवर धातूची बारीक चिमणी, चिमणीवर तोंडात धरायची टोपी. या सगळ्याभोवती काचेचं नळकांडं आणि सांध्यासांध्यांवर सिलिकॉनच्या रिंगा. कॉइल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार किंवा जाळी, तिच्याभोवती घट्ट भरलेला कापूस. काच आणि कॉइल यांच्यामधल्या पोकळीत लिक्विड भरतात. कॉइलच्या अंगाला असलेल्या भोकांतून ते कापसात शिरतं, तार तापते, लिक्विडची वाफ होते, वाफ चिमणीतून वर येते.

लिक्विड म्हणजे प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. यातलं काहीही तेल नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेत धडधाकट तरुण फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात भरती होऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ जण दगावले. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेल्या, चोरबाजारातल्या कुप्या ओढल्या होत्या आणि त्यांत भेसळीला व्हिटॅमिन ई ॲसिटेट, म्हणजे तेलच, घातलेलं सापडलं. कुठलंही तेल या टँकमध्ये घालायचं नाही, मग ते खाण्याचं असो की अत्तराचं.

काच का, याचं उत्तर लिंबात आणि दालचिनीत आहे. सुरुवातीचे टँक प्लॅस्टिकचे होते. लिंबू-संत्र्याच्या स्वादातलं लिमोनीन आणि दालचिनीचा तिखटपणा ज्यात असतो ते सिनॅमाल्डिहाइड पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिकला खातं. आधी टँक धुरकट व्हायचा, मग त्यावर केसासारख्या बारीक रेषा उमटायच्या, आणि एके दिवशी खिशातच तडा जाऊन सगळं लिक्विड पँटला. कोणता स्वाद टँक फोडतो याच्या याद्या लोक एकमेकांना देत असत. काचेला लिंबूही चालतं आणि दालचिनीही. ही काच बहुधा बोरोसिलिकेटची, म्हणजे प्रयोगशाळेतल्या चंबूची आणि आपल्या घरातल्या ‘बोरोसिल’ला जिच्यावरून नाव मिळालं त्या जातीची. गरमगार झाली तरी ती फारशी फुगत-आक्रसत नाही. पडली तर मात्र फुटते, म्हणून खोक्यात एक जादा काच बहुतेक वेळा असते. काच फुटली तर नुसती काच बदलून भागत नाही. टँक पूर्ण उलगडून चिमणीतून आरपार पाहायचं आणि आतली कॉइल टाकून द्यायची. एखादा कण कापसात अडकला तर तो पुढच्या दमाबरोबर कुठे जाईल ते सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट. भरलेल्या टँकमध्ये लिक्विड उभं असतं, खाली कॉइलला भोकं आहेत, त्याखाली हवेची फट उघडीच आहे. मग ते गळून का जात नाही? ऑफिसातल्या डिस्पेन्सरवर उलटा ठेवलेला वीस लिटरचा पाण्याचा जार आठवा. तोटी सोडली की थोडं पाणी उतरतं, मग ‘बुडुक’ करून एक बुडबुडा वर जातो. बुडबुडा गेल्याशिवाय पुढचं पाणी येत नाही, कारण वर अडकलेल्या हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला खालून तोलून धरते. टँकमध्येही तेच घडतं. कापसातलं लिक्विड वाफ होऊन गेलं की नवं आत शिरतं, तेवढ्या जागेचा एक बारीक बुडबुडा कॉइलमधून निघून काचेतून वर जाताना दिसतो. तो दिसला की समजावं, सगळं ठीक आहे. काचेचा मला वाटतो तो खरा फायदा हाच. आतला कारभार दिसतो.

हा तोल बिघडवायचा तर वरून कुठूनतरी हवा आत घ्यावी लागते. रिंग चिरली, झाकण वाकडं बसलं, आटे तिरपे चढले, काचेच्या कडेचा टवका उडाला, की वरून हवा शिरते आणि खालून धार लागते. म्हणून टँक गळायला लागला की लोक खालचा भाग पुसत बसतात, दोष मात्र बहुतेकदा वरच्या झाकणात असतो. वरून भरताना हवेची कडी बंद ठेवायची, चिमणीत थेंब जाऊ द्यायचा नाही आणि काठोकाठ भरायचं नाही. वर हवेचा थर हवाच. झाकण पिळताना आतली हवा दाबली जाते आणि ती लिक्विडला कॉइलमध्ये ढकलते. अनुभवी लोक झाकण लावल्यावर टँक उलटा धरतात, कडी उघडतात, दाब निघून गेला की मग सुलटा करतात. एवढ्या एका सवयीने अर्धी गळती थांबते.

लिक्विड कॉइलमध्ये जास्त झालं तर टँक गुडगुडतो आणि जिभेवर गरम थेंब उडतात. कमी झालं तर करपतो. करपणं हा जास्त गंभीर मामला. प्रोपिलिन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. कापूस ओला आहे तोवर उकळणारं लिक्विड तारेची उष्णता घेऊन जातं आणि तापमानाला आवर बसतो. कापूस कोरडा पडला की आवर घालणारं काही उरत नाही. तापमान झपाट्याने चढतं, कापूस होरपळतो, ग्लिसरीन फुटून ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतात. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टलंडच्या संशोधकांनी ५ व्होल्टवर चालवलेल्या टँकच्या वाफेत फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगं सापडल्याचं लिहिलं, ३.३ व्होल्टवर ती सापडली नव्हती. त्यावर टीका झाली की त्या ५ व्होल्टवर वाफ इतकी करपट असते की माणूस ती ओढूच शकणार नाही. वाद कोणीही जिंको, वापरणाऱ्याला त्यातून एक गोष्ट मिळते. करपट चव लागली की थांबायचं. ‘अजून दोन दम जातील’ म्हणून रेटायचं नाही, आणि एकदा करपलेली कॉइल धुऊन सुधारत नाही.

इंग्लंडात रेडिंगला माझा भाचा असतो. नऊ-दहा वर्षं सिगारेट ओढून आता तो यावर आलाय. त्याला कॉइल बदलताना मी सिंकपाशी उभी राहून पाहिलं. जुनी कॉइल काढली ती काळी ठिक्कर, वर साखरेच्या पाकासारखा चिकट थर. गोड स्वादांत सुक्रालोज घालतात, ते तारेवर जळून बसतं. साध्या स्वादाची कॉइल पंधरा दिवस चालते, आइस्क्रीम-कस्टर्डवाली चार दिवसांत मान टाकते. नवीन कॉइलच्या पांढऱ्याशुभ्र कापसावर त्याने चारही भोकांतून एकेक थेंब सोडला, एक वरून आत. कापूस हळूहळू राखाडी झाला. मग टँक जोडून, भरून, खिडकीत ठेवून दिला.

“आता ओढून बघ की,” मी म्हटलं.

“नाही गं मावशी, दहा मिनिटं भिजू दे. घाई केली की पहिल्याच दमाला कॉइलची वाट लागते. एवढ्याशा कापसाला चार पौंड पडतात.”

मी टँक खिडकीतून उचलून आत सरकवला, कारण उन्हात निकोटीन लवकर काळवंडतं आणि काच ऊन अडवत नाही. काचेचा हा तोटाही सांगायला हवा.

कॉइलच्या अंगावर आकडे कोरलेले असतात: इतके ओहम, इतके ते इतके वॅट. ते शोभेला नाहीत. एक ओहम किंवा वरची कॉइल कमी वॅटवर चालते, तिची भोकं बारीक, तिला प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं असलेलं पातळ लिक्विड लागतं. एक ओहमच्या खालची जाळीदार कॉइल चाळीस, साठ, ऐंशी वॅट खाते आणि ढग सोडते. तिला ७० टक्के ग्लिसरीनचं दाट लिक्विड. दाट लिक्विड बारीक भोकांत घातलं तर कापूस उपाशी राहून करपतो. पातळ लिक्विड मोठ्या भोकांत घातलं तर गळतं. थंडीत लिक्विड घट्ट होतं, उन्हाळ्यात पातळ. जानेवारीत नीट चालणारा टँक जुलैत पाझरायला लागला तर त्यात टँकचा दोष असेलच असं नाही.

धुणं सोपं आहे. कॉइल बाजूला काढायची, बाकी भाग कोमट पाण्यात, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग स्वच्छ पाण्यात खळबळून पूर्ण वाळवायचं. काच पटकन निर्मळ होते. पुदिन्याचा नाहीतर बडीशेपेचा वास उरला तर तो सिलिकॉनच्या रिंगांत मुरलेला असतो, त्या बदलायच्या. नवी रिंग कोरडी चढवली की चिमटते आणि चिरते, म्हणून तिला बोटाने लिक्विडचा थेंब चोळायचा. जोडताना बोटांनी हलकं घट्ट, बस्स. पक्कड नको. आणि अडकलेला टँक काचेला धरून पिळायचा नाही. वरच्या-खालच्या धातूला रबरी हातमोजा लावून पिळायचा.

हे सगळं पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू निर्देशानुसार टँक २ मिलिलिटरहून मोठा नको, निकोटीनची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको आणि निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून जास्त नको. हे नियम मे २०१६ पासून लागू झाले आणि संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनने ते ठेवले. व्यापाऱ्यांनी वाट काढलीच. निकोटीन नसलेलं ५० मिलिलिटर लिक्विड ६० च्या बाटलीत विकायचं, सोबत १८ च्या ताकदीची १० मिलिलिटरची छोटी बाटली. दोन्ही मिसळलं की ६० मिलिलिटर, ताकद ३. बाटलीच्या मापाने निकोटीनचं व्यसन आटोक्यात येतं हे गणित मला कधी पटलं नाही, पण लहान मुलाच्या हाती बाटली लागली तर ती लहान असलेली बरी, हे पटतं. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. हाताला सांडलं तर लगेच धुवायचं, आणि बाटलीचं झाकण दाबून फिरवायचं असतं ते मुलांसाठीच.

ब्रिटनची आरोग्यसेवा सिगारेट सोडणाऱ्याला व्हेप सुचवते आणि न ओढणाऱ्याला व मुलांना हात लावू नका म्हणते. भारताने ती वाटच बंद केली. भाचा दिवाळीला पुण्याला येतो तेव्हा टँक रेडिंगलाच राहतो. कायदा आहेच. शिवाय विमानात केबिनचा दाब उतरला की टँकमधली हवा फुगते आणि लिक्विड बाहेर ढकलते. हा त्रास त्याने स्पेनला जाताना भोगलाय, आता कुठेही जाताना टँक रिकामा करूनच नेतो. पुण्यात उतरल्यावर तो कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून २ मिलिग्रॅमची निकोटीनची च्युइंगम घेतो. ती इथे चिठ्ठीशिवाय मिळते, आणि तिला धुवावं लागत नाही.