मंडळी परतल्यावर : तंजावरांतील तीन दिवस

यात्रा-कंपनीबरोबर प्रवास केला असतां आमच्या वयाच्या माणसास जी सोय मिळते, तिची निंदा करण्याचें पाप आम्ही करणार नाहीं. वेळेवर चहा, ओळखीचा वरणभात, सामानाची काळजी दुसऱ्यास, आणि कोणी मागें राहिला तर हाक मारणारा कोणी तरी असतोच. रामेश्वर, मदुरा व श्रीरंगम् हीं क्षेत्रें आम्हीं अशींच सुखानें पाहिलीं. परंतु शेवटच्या दिवशीं तंजावरच्या बृहदीश्वराच्या वाट्यास अवघा दीड तास आला, आणि त्यांतील अर्धा पादत्राणें ठेवण्यांत व छायाचित्रें काढण्यांत गेला, तेव्हां आमचें मन तेथेंच अडकलें. दुपारीं मंडळी त्रिचनापल्लीच्या रस्त्यास लागली. आम्ही मात्र तीन दिवस मागें राहिलों.

घरीं दूरध्वनीवरून हें कळवितांच चिरंजीवांनीं विचारलें, "अप्पा, तिकडे तुमचें बोलणें कोणास समजणार?" सूनबाईंनीं औषधाच्या गोळ्या मोजावयास लाविल्या. त्यांची काळजी अनाठायीं नव्हे. एकत्र कुटुंबांत साठ वर्षें काढलेल्या माणसाचें पिण्याचें पाणीदेखील कोणी तरी भरून ठेवीत असतें. पहिल्या रात्रीं खाणावळींत केळीच्या पानासमोर बसून, हवा तो पदार्थ बोटानें दाखवितांना आम्हांस बिगारीच्या मुलासारखें वाटलें. असो. तिसऱ्या जेवणास वाढपी न विचारतांच ताक घेऊन आला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं सात वाजतां आम्ही देवळांत गेलों. गर्भगृहावरील शिखरास तिकडे विमान म्हणतात. राजराज चोलानें १०१० सालीं पुरें केलेलें हें विमान सुमारें साठ मीटर उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाहीं, असें आदल्या दिवशीं मंडळीस सांगण्यांत आलें होतें व सर्वांनीं माना डोलाविल्या होत्या. आतां पाहतों तों विमानाच्या मागें, पश्चिमेच्या पटांगणांत, सावली चांगली लांबवर पसरलेली, आणि तींत दोन म्हाताऱ्या पाय पसरून बसलेल्या! अशा देवळास चमत्काराची भर घालण्याचें प्रयोजन काय, तें आम्हांस उमगत नाहीं. येथील तमिळ शिलालेखांत राजराजानें वसविलेल्या चारशें नर्तकींचीं नांवें व त्यांचीं घरें नोंदलेलीं आहेत. हा हिशेबीपणा आम्हांस सावलीच्या कथेहून अधिक अद्भुत वाटतो.

परंतु आम्हांस थांबविलें तें नैऋत्येकडील भिंतीनें. तेथें चक्क मराठी! शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं १६७५ च्या सुमारास तंजावरास राज्य स्थापिलें. त्या भोसले घराण्याचा वृत्तांत सरफोजी राजांनीं १८०३ सालीं देवनागरी अक्षरांत येथें कोरविला. लेख फार मोठा आहे. बखरीचें पुस्तक उघडून भिंतीस लावावें तसा तो दिसतो. वाचकांनीं त्याच्या सालाकडे लक्ष द्यावें. १७९९ च्या तहानें राज्यकारभार इंग्रजांकडे गेला व राजाची सत्ता किल्ल्यापुरती उरली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं हे दगड कोरले गेले. हातांत राज्य असतांना इतका दीर्घ इतिहास कोरविण्यास सवड मिळाली असती कीं नाहीं, कोण जाणे.

हातचें राज्य गेल्यावर सरफोजींनीं काय केलें, हें पाहावयाचें तर राजवाड्यांतील सरस्वती महाल ग्रंथालयांत जावें. नायक राजांच्या वेळचा मूळ संग्रह त्यांनीं अपरंपार वाढविला. १९१८ पासून तो सर्वांस खुला आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी पोथ्या, शिवाय मोडी कागदांचे ढीग. एका पेटींत ताडपत्रावरील संस्कृत ग्रंथ मांडला होता. संस्कृत हा आमचा जन्माचा विषय. पण लिपी ग्रंथ नांवाची, आणि तींतील एक अक्षर आम्हांस लागेना. भाषा आपली आणि दार बंद!

तेथेंच एक वृद्ध गृहस्थ भेटले. मराठी पाटी आम्ही मोठ्यानें वाचीत होतों, तें ऐकून ते जवळ आले व मराठींत बोलूं लागले. तिकडे मराठी देशस्थांस रायर म्हणतात. त्यांच्या क्रियापदांस जुन्या बखरींचा वास, सूर मात्र तमिळ. प्रथम आम्हांस अर्धेंच कळलें, त्यांसही आमचें अर्धेंच कळलें असावें; पण फिल्टर कापीचा एक पेला होईपर्यंत दोघांची गाडी रुळावर आली. घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, शिक्षण तमिळ व इंग्रजींत झालें. त्यामुळें देवनागरी त्यांस वाचतां येत नाहीं. मोठ्या देवळांत लहानपणापासून शेंकडों वेळां गेले, भिंतीवरील अक्षरें आपल्या भाषेंतील आहेत हें ठाऊक, परंतु त्यांत काय लिहिलें आहे तें कोणीं वाचून दाखविलें नाहीं, असें ते म्हणाले.

तिसऱ्या दिवसाचा आमचा बेत श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या चर्चचा होता. सरफोजींचा बाळपणचा शिक्षक तो हाच. त्याच्या मृत्युशय्येशीं उभा असलेला तरुण राजा फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानें संगमरवरांत कोरला आहे. एका मास्तराचें असें स्मारक पाहून आम्हांस जें वाटलें, तें व्यवसायबंधु जाणतील. पण चर्च अर्ध्या तासांत आटोपून आम्ही देवळाकडे वळलों, कारण रायर नातवास घेऊन तेथें यावयाचे होते.

आम्ही बोट ठेवून एकेक ओळ वाचीत गेलों. अक्षर झिजलें असेल तेथें थांबलों, अर्थ अडला तेथें दोघांनीं मिळून लाविला. कांहीं जुने शब्द आम्हांस अडत, ते त्यांच्या घरांत अजून रोज चालतात! नातू तमिळ लिपींत वहींत टिपून घेत होता. शहाजीराजांचें नांव आलें तेव्हां रायरांनीं तें पुन्हां वाचावयास सांगितलें. अकरा वाजले, अनवाणी पायांखालचा दगड पोळूं लागला, आणि लेखाचा एक कोपरादेखील संपला नव्हता. त्यांच्या घरीं जेवून, ऊन उतरल्यावर चार वाजतां आम्ही पुढील ओळीस आरंभ केला.