चुलीमागचं शास्त्र : खिम्याचं दाट सूप

१६१२ साली जहांगीरच्या हुकमावरून मुकर्रब खान गोव्याला गेला आणि तिथून त्याने आणलेल्या नवलाईच्या चिजांत एक टर्की होती. बादशहाने त्या पक्ष्याचं वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवलं, मन्सूरकडून चित्रही काढून घेतलं. चारशे वर्षं उलटली, तरी रायपूरच्या शास्त्री बाजारात टर्कीचा खिमा मागितलात तर दुकानदार तुमच्याकडे जवळपास त्याच नवलाने बघेल. तेव्हा अमेरिकेतल्या भाचीने कृती पाठवली असेल, तर टर्कीच्या जागी सरळ कोंबडी घ्या. दोन्ही मांसांत चरबी कमी, त्यामुळे फसण्याची तऱ्हाही एकच: खिम्याचे रबरी गोळे आणि भोवती बेचव पाणी.

चौघांना ३०० ग्रॅम खिमा पुरतो. तो छातीचा नको, तंगडीचा हवा. तिथे चरबी जास्त असते. ‘भैया, लेग का कीमा, सामने बना देना’ एवढं म्हणायला लाजू नये. अखंड मांसाचे जंतू बहुतेक वरवर असतात, खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून तो त्याच दिवशी आणि पूर्ण शिजवायचा. ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की काळजी नाही.

कच्च्या खिम्याला मीठ लावू नका. मिठाने मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात. कबाबाला ते हवंच असतं, सुपाला नाही. जाड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवून खिमा पातळ पसरा आणि दोन-तीन मिनिटं झारा बाजूला ठेवा. सतत ढवळलं की खिमा स्वतःच्याच पाण्यात उकडतो. ते पाणी आटल्याशिवाय १४० अंशांच्या वरची उष्णता मिळत नाही आणि तिच्याशिवाय खमंग तपकिरी रंग येत नाही. रंग आला की खिमा काढून ठेवा. बुडाला चिकटलेला थर मात्र घासून टाकू नका, सुपाची निम्मी चव तिथेच आहे. त्यातच कांदा-लसूण परता, थोडं पाणी घालून तो थर खरवडून घ्या.

आता दाटपणा. कॉर्नफ्लोअरची पेस्ट मला तरी सुपात गोंद ओतल्यासारखी वाटते. धानाच्या या मुलखात राईस मिलमधून निघालेली कनकी स्वस्त मिळते. बस्तरातली मडिया पेज नाचणी आणि तांदळाच्या जोरावरच पोटभरीची होते. तीन मोठे चमचे कनकी धुऊन सव्वा लिटर पाण्यात गाजराबरोबर टाका. अखंड दाण्यापेक्षा तुटलेल्या दाण्याच्या उघड्या कडा जास्त, त्यामुळे पिठूळपणा लवकर सुटतो. वीस-पंचवीस मिनिटांत कण विरत येतात आणि सूप चमच्याला धरायला लागतं.

मुनग्याच्या शेंगा, म्हणजे आपला शेवगा, गाजर अर्धं शिजल्यावर घाला. पाहुण्यांसमोर शेंगा चोखायच्या नसतील तर वेगळ्या उकडून गर काढावा, पण मग गंमत गेली. टोमॅटोची घाई करू नका. हिवाळ्यात जशपूरकडचे किंवा धमध्याचे टोमॅटो छान असतात. मात्र आंबटपणामुळे भाज्यांच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सहज सुटत नाही आणि गाजर कचकचीत राहतं. गाजरात सुरी सहज गेली की मगच तीन टोमॅटो चिरून टाका. ते गळाले की खिमा परत घाला, मीठ आणि भरड मिरी घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा. याहून जास्त उकळला तर खिमा चरबरीत होतो.

मूठभर लाल भाजी अगदी शेवटी. तिचा रंग पाण्यात उतरतो आणि सूप गुलाबीसर दिसतं. घरात नाकं मुरडणारं कोणी असेल तर पालक घ्या.

उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. शिजलेला तांदूळ बाहेर राहणं बरं नाही. सकाळपर्यंत त्याची खिचडी झालेली दिसेल. कपभर गरम पाणी घालून सणसणीत उकळी आणा आणि मीठ पुन्हा चाखा.