धुळीने अडकलेले पिस्तूल निर्धोक नसते

डिसेंबर २०२४ मधील मस्साजोग प्रकरणानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. परवान्यांची संख्या हजारावर असल्याचे समोर आले आणि प्रशासनाने त्यातील अनेक रद्द केले. कमरेला पिस्तूल म्हणजे हमखास संरक्षण, हा समज मात्र अजून कायम आहे. इथली माती त्या समजाला छेद देते.

बीडची काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली. तिच्यातील चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या दोन हजारांशाहूनही लहान असतो. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर उडणारी ही धूळ कुठल्याही फटीत शिरते. वाळूचा त्रास वेगळा. तिच्यात क्वार्ट्‌झ असेल तर तो कण पोलादालाही ओरखडे पाडतो. पिस्तुलात तेल जास्त असेल तर धूळ त्यात कालवली जाऊन घासणारा चिखलच तयार होतो. कमरेच्या घामातील मीठ गंज चढवते, ते निराळेच.

पिस्तुलात गोळी सुटल्यावर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, धक्क्याने मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलतो. स्प्रिंगचा जोर ठरलेला असतो. कणांच्या घर्षणात तो खर्ची पडला की स्लाइड अर्ध्यावर अडकते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे सिलिंडर बोटाच्या जोराने फिरते. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. पण सिलिंडर आणि नळी यांच्यातील फट अगदी अरुंद असते. तिथे खडा अडकला तर सिलिंडर फिरतच नाही.

अमेरिकी लष्कराने २००७ मध्ये धुळीत रायफली तपासल्या. प्रत्येक प्रकारच्या ६० हजार गोळ्या झाडल्या. एम-४ रायफल ८८२ वेळा अडली, तर एक्सएम-८ फक्त १२७ वेळा. रचनेनुसार फरक पडतो. पण न अडणारे एकही नव्हते.

खरा धोका अडकल्यानंतर सुरू होतो. मॅगझीन काढले तरी नळीत एक काडतूस उरलेले असू शकते. चाप ओढूनही आवाज झाला नाही, तरी काडतूस काही क्षणांनी पेटू शकते. अशा वेळी नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून, चापावरचे बोट काढून किमान ३० सेकंद थांबावे. मग आधी मॅगझीन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून नळी डोळ्यांनी तपासावी. क्रम उलटा झाला तर नवे काडतूस नळीत जाते. तरीही मोकळे होत नसेल तर ठोकाठोक न करता परवानाधारक कारागिराकडे सोपवावे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून रिव्हॉल्व्हर पडले आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. अशा अपघाताला शत्रू लागत नाही.

सफाईतही काळजी हवी. काडतुसाच्या काजळीत शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून स्वयंपाकघरात सफाई करू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. तेलाचा पातळ थर देऊन कोरड्या फडक्याने पुसावे.

लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गर्दीत, धुळीत ते अडले तर त्याचे तोंड कोणाकडे असेल, याचा नेम नाही. घरात शस्त्र असलेच तर ते रिकामे करून कुलपात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात.